अक्षरांचा हिशेब

महामंदीत नोकरी गेलेला एक वास्तुविशारद न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं पहिलं पान पुढ्यात घेऊन बसे आणि त्यातली अक्षरं मोजे. ‘ई’ किती, ‘टी’ किती, ‘झेड’ कितीदा. त्याचं नाव आल्फ्रेड मोशर बट्स. नक्षा काढायच्या सवयीचा माणूस, त्यामुळे नोंदीही तशाच रेखीव. एडगर अॅलन पो याच्या ‘द गोल्ड-बग’ या कथेत गुप्तलिपी उलगडताना कुठलं अक्षर कितीदा येतं हे पाहिलं जातं. बट्सला कल्पना सुचली ती तिथून. फाशांचा खेळ सगळा नशिबाचा, बुद्धिबळ सगळं डोक्याचं. या दोन्हींच्या मधला आणि शब्दांवर चालणारा खेळ त्याला हवा होता.

१९३३च्या सुमाराला त्याने ‘लेक्सिको’ नावाचा खेळ तयार केला. त्यात पट नव्हता, नुसती अक्षरं होती. पाच वर्षांनी शब्दकोड्यासारखा चौकटींचा पट आला आणि नावही बदललं. आज ‘स्क्रॅबल’ खेळणारे ज्या शंभर सोंगट्या पिशवीतून काढतात, त्यांची वाटणी बट्सच्या त्या मोजणीतून आली आहे: ‘ई’ १२, ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी ९, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ एकेकच. जे अक्षर दुर्मीळ, त्याचे गुण जास्त; या दोघांचे दहा-दहा.

पण बट्स मोजणीचा गुलाम नव्हता. इंग्रजीत ‘एस’ची रेलचेल आहे, तरी त्याने त्याच्या चारच सोंगट्या ठेवल्या. नाहीतर जो तो आयत्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करील आणि गुण खिशात घालील, ही त्याची धास्ती. खेळाचा खरा कस याच काटकसरीत आहे. खेळात मुरलेला माणूस हातातला ‘एस’ उगाच उधळत नाही.

पार्कर ब्रदर्स आणि मिल्टन ब्रॅडली या मोठ्या कंपन्यांनी खेळ नाकारला. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने हक्क घेतले, नियम सोपे केले आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव नोंदवलं. कनेक्टिकटमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत माल तयार होऊ लागला. १९४९मध्ये २,४०० संच बनले आणि ४५० डॉलरचा तोटा झाला. नशीब पालटलं १९५२मध्ये. मेसीज या बड्या दुकानाच्या प्रमुखाने सुट्टीत हा खेळ पाहिला आणि परतल्यावर, आपल्याच दुकानात तो कसा नाही, असं विचारलं, अशी कथा आहे. कथा फारच सोयीची वाटते. मागणी मात्र खरोखरच ब्रुनोला झेपेना इतकी वाढली.

घरी खेळताना अमुक शब्द आहे की नाही यावरून भांडणं ठरलेली. स्पर्धा आल्या तशी लवादाची गरज पडली. १९७८मध्ये अमेरिकेत पाच महाविद्यालयीन कोश एकत्र करून स्क्रॅबलपटूंचा अधिकृत कोश निघाला. त्यात अर्थ अगदी थोडक्यात दिलेले. शब्द ग्राह्य आहे का, एवढंच महत्त्वाचं. मग खेळाडूंनी तो कोशही मोडून आपल्या सोयीने लावला. शब्द अकारविल्हे न घेता लांबीने आणि अक्षरांनी: आधी सगळे दोन अक्षरी, मग तीन अक्षरी, मग ‘क्यू’ असलेले पण ‘यू’ नसलेले. हा शेवटचा गट फार मोलाचा, कारण ‘यू’च्या सोंगट्या चारच आणि ‘क्यू’ हातात अडकला की घास घशात अडकल्यासारखं होतं. या गटातल्या पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची यादी मराठी माणसाला ओळखीची वाटेल: फकीर, किब्ला, निकाब, तलाक आणि कनात. ही कनात तंबूची नव्हे. जमिनीखालून पाणी आणणारा इराणी कालवा. औरंगाबादची नहर-ए-अंबरी त्याच जातीची.

सात अक्षरी शब्दांची तऱ्हा आणखी वेगळी. हातातल्या सातही सोंगट्या एकाच डावात लावल्या की ५० गुण जास्त मिळतात. म्हणून ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं दिसताच मुरलेल्या खेळाडूला रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेअरिन, रेत्सिना अशी माळच आठवते. यातलं स्टेअरिन मेणबत्तीत वापरतात आणि रेत्सिना ही राळेच्या वासाची ग्रीक वाइन, हे त्याला ठाऊक नसलं तरी काही बिघडत नाही.

ही घोकंपट्टी कुठवर जाते, ते नायजेल रिचर्ड्सने दाखवलं. २००७ची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. अंतिम लढतीत या न्यूझीलंडच्या माणसाने मलेशियाच्या गणेश अशीर्वाथमला हरवलं. २०१५मध्ये त्याने फ्रेंच येत नसताना काही आठवड्यांत फ्रेंच शब्दसूची पाठ केली आणि बेल्जियममध्ये फ्रेंच विजेतेपद पटकावलं. २०२४मध्ये स्पॅनिशमध्ये तेच केलं. भाषाप्रेमींना हे खटकतं. पण मूळ खेळच वर्तमानपत्र न वाचता त्यातली अक्षरं मोजून जन्माला आला होता.

नायजेरियाच्या खेळाडूंनी हिशेब उलटा मांडला. लांब शब्द लावून गुण लुटण्यापेक्षा पाच अक्षरी शब्द लावावेत, चांगली अक्षरं पुढच्या डावासाठी राखावीत आणि समोरच्याला पटावर फार मोकळी जागा ठेवू नये. त्यासाठी ते पाच अक्षरी शब्दांच्या याद्या घोटत. नोव्हेंबर २०१५मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्यातल्या वेलिंग्टन जिघेरे याने इंग्लंडच्या लुईस मॅकेला सलग चार डावांत हरवलं. त्या लढतीत ‘फेल्टी’ या पाच अक्षरी शब्दाने त्याला ३६ गुण मिळवून दिले. इंग्रजी स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद आफ्रिकेत पहिल्यांदाच गेलं आणि राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी त्याला फोन करून अभिनंदन केलं.