त्या लढाईचं आपल्याला काय?

अमेरिकेतली यादवी शिकवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, त्या लढाईचं आपल्याला काय?" तास संपत आला होता, मी वेळ मारून नेली. त्याची आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. उत्तर द्यायचे राहूनच गेले, म्हणून आज लिहितो.

१८६१ मध्ये ती लढाई पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि इंग्लंडमधल्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग साहेबाची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. भाव कधी नव्हे इतके चढले. १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईचे शेअरवाले बुडाले. वऱ्हाडात कापूस मात्र राहिला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे खामगाव-अमरावतीला फाटे निघाले.

माल जलद जाऊ लागला, पण शेतसारा रोखीने आणि ठरल्या वेळी भरायचा होता. पाऊस काही ठरल्या वेळी येत नसे! जमीन गहाण टाकता येऊ लागली तशी सावकाराची वही जाड होत गेली.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईत तर गिरण्या वाढतच होत्या. तिथे १८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज झाला. मागणे काय, तर सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, दुपारी अर्धा तास विसावा आणि रविवारची सुट्टी. ही सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. तिकडे अमेरिकेत कार्नेगी, रॉकफेलर कोट्यधीश होत होते आणि १८८६ च्या मे महिन्यात तिथले कामगारही आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले होते.

मला वाटते, फरक इथेच पडला. गिरणीचे कामगार एकाच फाटकातून बाहेर पडत, म्हणून एकमेकांशी बोलू शकले. आपला शेतकरी मात्र ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर एकटा. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्याचे दुःख मांडले, पण त्याचा अर्ज घेऊन जाणारी संघटना तेव्हा उभी राहिली नाही.

असो. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. भेटला तर सांगेन, "बाबू, ती लढाई तुझ्या आईच्या ओटीतल्या कापसापर्यंत आली होती. मीच तेव्हा सांगितलं नाही."