हनुक्का आणि परदेशस्थ यहुदी : बेने इस्रायलांच्या एका न पाळलेल्या सणाचा विचार

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की एक प्रमाण हटकून पुढे केले जाते. हे प्रमाण शिलालेखाचे किंवा ताम्रपटाचे नाही. ते एका न पाळलेल्या सणाचे आहे. यहुदी पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस साजरा होणारा हनुक्का, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा दीपोत्सव, या समाजाला अठराव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हता. ज्या घटनेच्या स्मरणार्थ हा सण निघाला ती इ. स. पू. १६४ च्या हिवाळ्यात घडली. त्या अर्थी बेने इस्रायलांचे पूर्वज त्यापूर्वीच मायभूमी सोडून निघाले असले पाहिजेत, असा हा युक्तिवाद आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात हे निर्गमन इ. स. पू. १७५ च्या आसपास गॅलिलीतून झाले असे मानले आहे. अँटिओकस एपिफनीस याच्या छळाला कंटाळून निघालेल्या लोकांचे गलबत नवगावजवळ फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. आता अँटिओकस गादीवर आला तो इ. स. पू. १७५ मध्ये आणि धर्माचरणावर त्याने बंदी घातली ती इ. स. पू. १६७ मध्ये, तेव्हा या दोन गोष्टींची सांगड थोडी ओढून आणावी लागते. परंतु तो मुद्दा गौण आहे. खरा प्रश्न असा की, परदेशी राहणाऱ्या एखाद्या समाजात हनुक्का आढळत नाही, यावरून त्याच्या निर्गमनाचा काळ सांगता येतो काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी हा सण परदेशात गेला कसा, हे पाहणे अगत्याचे आहे. यहुद्यांचे इतर प्रमुख उत्सव तोरेत सांगितलेले आहेत. त्यांना धर्मग्रंथाचा आधार आहे आणि ग्रंथ जेथे जाईल तेथे ते जातात. हनुक्काला असा आधार नाही. ज्या दोन मक्काबी ग्रंथांत त्याचा वृत्तांत येतो ते यहुद्यांच्या हिब्रू धर्मग्रंथसंग्रहात समाविष्टच झाले नाहीत. हा सण परदेशी गेला तो पत्राने. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभी जेरुसलेम व यहुदिया येथील यहुद्यांनी मिसरमधील आपल्या बांधवांना धाडलेले एक पत्र दिले आहे. त्यावर सेल्युकिड शकाचे १८८ वे वर्ष, म्हणजे इ. स. पू. १२४, असा काल आहे. ‘किस्लेव महिन्यातील मंडपांचा सण पाळा’ असा त्यातील विनंतीचा आशय असून, १६९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. १४३ मध्ये, लिहिलेल्या एका पूर्वपत्राचाही त्यात उल्लेख आहे. किस्लेवमध्ये मंडपांचा सण कसा, हे त्याच ग्रंथात पुढे उलगडते. मंडपांचा खरा उत्सव शरदातला. तो आला तेव्हा योद्धे डोंगरातील गुहांतून रानटी जीवन कंठीत होते. मंदिर हाती येताच त्यांनी चुकलेला उत्सव हिवाळ्यात, आठ दिवसांचाच, साजरा केला. एका कुपीतील तेल आठ दिवस पुरल्याची कथा या दोन्ही ग्रंथांत नाही. ती तालमुदात येते, म्हणजे पुष्कळ नंतरची आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस याने या सणाला ‘दिवे’ असे नाव दिले आहे. परंतु त्याने या नावाचे कारण तेल न सांगता अनपेक्षितपणे उजाडलेले स्वातंत्र्य हे सांगितले आहे, आणि तेही अनुमान म्हणून.

जेरुसलेमहून अलेक्झांड्रिया म्हणजे काही जगाचे टोक नव्हे. दोहोंच्या दरम्यान जहाजांची, व्यापाऱ्यांची व यात्रेकरूंची सतत ये-जा होती. तरीही वीस वर्षांच्या आत दुसऱ्यांदा लिहावे लागले. आणि त्याचा परिणाम काय झाला? पहिल्या शतकात त्याच नगरीत राहणाऱ्या फिलो या तत्त्वज्ञाने यहुद्यांच्या दहा उत्सवांची गणना केली आहे, तीत हनुक्काचे नाव नाही. फिलोची गणना तोरेवर आधारलेली आहे, म्हणून त्याचे मौन स्वाभाविक होय, असा आक्षेप घेता येईल व तो रास्तही ठरेल. परंतु मग तोच न्याय कोकणालाही लावावा लागतो. फिलोच्या मौनावरून त्याच्या पूर्वजांनी इ. स. पू. १६४ पूर्वी देश सोडला, असे अनुमान कोणी काढलेले नाही.

पूर्वेकडील बाबिलोनियात याच्या नेमके उलट घडले. इ. स. २०० च्या सुमारास पॅलेस्टाईनमध्ये संकलित झालेल्या मिश्नेत हनुक्कावर स्वतंत्र प्रकरण नाही. त्याचा उल्लेख येतो तो ओझरता. त्यांपैकी एक तर नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे : अंबाडीने लादलेला उंट रस्त्याने जाताना अंबाडी दुकानात शिरून दिव्याने पेटली व इमारतीला आग लागली, तर दोष उंटवाल्याचा, पण दुकानदाराने दिवा बाहेर ठेवला असेल तर दोष दुकानदाराचा. यावर रब्बी यहूदा म्हणतो, दिवा हनुक्काचा असेल तर दुकानदार निर्दोष. या सणाचे सविस्तर विवेचन मात्र बाबिलोनियातील तालमुदाने केले, म्हणजे परदेशात स्थायिक झालेल्या विद्वानांनी केले. त्यात परदेशातील वास्तव्याच्या खुणा जागोजाग दिसतात. दिवा दाराबाहेर लावावा, परंतु धोक्याच्या काळी घरात मेजावर ठेवला तरी चालेल, असा नियम सांगितला आहे. ससानी राजवटीत अग्निपूजक पुरोहितांच्या दृष्टीस दिवा पडू नये म्हणून तो शब्बाथच्या दिवशीही हलवावा काय, असा प्रश्न रब यास विचारण्यात आला व त्याने अनुमती दिली. ऑलिव्हचे तेल उत्तम मानले असले तरी रब्बा हा आधी तिळाचे तेल मिळवीत असे, कारण त्याची ज्योत अधिक काळ टिकते. पुढे त्याने ऑलिव्हकडे मोर्चा वळविला तो प्रकाशाच्या निर्मळपणासाठी.

सर्वांत मार्मिक आहे तो पाहुण्याचा प्रश्न. परक्याच्या घरी उतरलेल्या माणसावर दिवा लावण्याचे बंधन आहे काय? आहे, असा निर्णय झाला. त्यावर रब्बी झेरा आपली हकीकत सांगतो. विद्यार्थिदशेत गुरुगृही असताना तो यजमानाला काही नाणी देऊन त्याच्या दिव्यात भागीदार होत असे. विवाहानंतर त्याची गरज उरली नाही, कारण आता त्याच्या नावाने त्याच्या घरी दिवा लागत होता. परगावी राहणाऱ्याचा सण दोनच मार्गांनी टिकतो, शेजारच्या दिव्यात वाटा घेऊन किंवा आपले घर कोठेतरी दिवा लावीत आहे या खात्रीने, एवढे या छोट्या संवादातून कळते. कोकणातील बेने इस्रायलांना या दोहोंपैकी एकही मार्ग खुला नव्हता. यजमान यहुदी नव्हता व घराशी पत्रव्यवहार तुटलेला होता.

या समाजाविषयी प्राचीनतम लेखी उल्लेखांपैकी एक पुन्हा पत्रातच सापडतो, हा योगायोग लक्षणीय आहे. कोचीनचे व्यापारी एझिकिएल रहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडमधील तोबियास बोआस यांना कळविले की, मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले हे लोक तेल गाळतात, काहीजण शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी जाणतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले होते. तेलाच्या सणाला मुकलेले हे तेली, असा विरोधाभास अनेकांना मोहक वाटतो. परंतु तेलाची कथाच उत्तरकालीन असल्याने त्यातून निष्पन्न काही होत नाही.

मग या समाजाने टिकविले काय? येथे नावेच बोलकी आहेत. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्याच सुमारास नव्या तांदळाचा खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसण्यावरून दारफाळणीचा सण. पुरीम तो होळीचा सण. वल्हांडण तो अनशी ढाकाचा सण. आणि मंदिरविध्वंसाचा उपवास वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण. दोन्ही पंचांगे चांद्रसौर आहेत, त्यामुळे तिश्री महिना बहुधा आश्विनाशी, अदार फाल्गुनाशी व निसान चैत्राशी जुळतो. हिब्रू ग्रंथ वाचता येत नसतानाही शेजाऱ्यांच्या घटस्थापनेने, होळीने व चैत्री पौर्णिमेने त्यांना तिथी सांगितली. किस्लेव बहुतेक वर्षी मार्गशीर्षाशी जुळतो व हनुक्काचा आरंभ मार्गशीर्ष वद्य नवमी-दशमीच्या आसपास येतो. या दीपोत्सवाच्या दिवसांत चंद्रहीन अमावास्या मध्ये येते, हे दिवाळीसारखेच आहे. पण दिवाळी बहुधा पावणेदोन महिने आधी उरकलेली असते आणि मार्गशीर्षाच्या वद्यपक्षात आठ दिवस दिवे लावण्याची आठवण करून देणारे कोकणात काही नव्हते.

हिवाळ्याची जागा मात्र रिकामी राहिली नाही. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा माघी पौर्णिमेच्या सुमारास, इलियाहू हानाबीचा उरूस भरे. अलिबागजवळील खंडाळा येथे हा संदेष्टा प्रकट होऊन स्वर्गी गेला अशी श्रद्धा आहे. पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे व फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने केला जातो. भाताची मळणी संपल्यानंतरचा, शेताच्या नव्या पोह्यांचा हा उत्सव कोणत्याही पत्राने आलेला नाही. तो तेथेच घडला.

प्राचीनत्वाच्या युक्तिवादाला सर्वांत मोठा धक्का समाजाच्या स्वतःच्या परंपरेकडून बसतो. दावीद रहाबी नावाचा एक परका यहुदी आला, त्याने स्त्रियांना मासे निवडावयास सांगितले व खवले आणि पर असलेले मासेच त्यांनी उचललेले पाहून हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली, असे सांगतात. केहिमकर त्याचा काळ इसवी सनाच्या सुमारे १००० व्या वर्षी मानतात. इतर अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. कोणताही काळ स्वीकारला तरी रहाबीला हनुक्का ठाऊक होता यात संशय नाही. त्याने शिकविले आणि तरीही हा सण रुजला नाही. किंवा रुजला व पुन्हा लोपला. शिक्षक येऊन गेल्यानंतरही जो अभाव राहतो, त्यावरून शिक्षकापूर्वीच्या हजार वर्षांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. इथिओपियातील बेटा इस्रायल समाजातही हनुक्का नव्हता. तालमुदी परंपरेशी संबंध न राहिलेल्या समाजाचे हे सामान्य लक्षण दिसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतील यहुदी व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचे अंश आढळले आणि त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे ठरले. अर्थात मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे; आगमन त्यापूर्वी कितीही वर्षांचे असू शकते.

हनुक्का कोकणी घरांत आला तो संबंध पुन्हा जुळल्यावर. १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले; एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले; मराठी भाषांतरासह हगादा १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास छापली गेली; जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. दोन हजार वर्षांपूर्वी मिसरला धाडलेल्या पत्राचे काम येथे छापखान्याने केले.

या वादाला निव्वळ पंडिती समजणे योग्य होणार नाही. केहिमकरांनी ज्या अज्ञानाला प्राचीनत्वाचे भूषण मानले, तेच अज्ञान पुढे या समाजावर उलटले. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, तेव्हा विवाहविच्छेद व विधवेच्या विमोचनासंबंधीचे रब्बीप्रणीत नियम या समाजाला शतकानुशतके ठाऊक नव्हते, या कारणाने त्यांच्या विवाहयोग्यतेविषयी शंका घेण्यात आली. १९६२ मध्ये धर्मपीठाने मातृकुळाची अनेक पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर धर्मपीठाला आपले निर्देश बदलावे लागले. अभाव एकच होता. १८९७ मध्ये त्याचा अर्थ ‘आम्ही सर्वांत आधी निघालो’ असा लावला गेला व १९६२ मध्ये ‘तुम्ही खरोखर आमचे आहात काय’ असा. तुटलेल्या दळणवळणाचा पुरावा कालगणनेसाठी किंवा वंशशुद्धीसाठी वापरला की असेच होते.

आज अश्दोद, दिमोना, बेर-शेवा येथील बेने इस्रायल घरांतून किस्लेवमध्ये शेजाऱ्यांप्रमाणेच आठ दिवे लागतात. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, शेवाटच्या पौर्णिमेच्या सुमारास, ही मंडळी हैफा येथील एलियाच्या गुहेकडे जातात आणि मलिद्याचे ताट मांडतात. त्यात पोहे व खोबरे असते.