इंदुरी खड्ड्याची कुळकथा

नगरपालिका आज ओल्या कचऱ्याचं जे खत करतात, त्याची शास्त्रशुद्ध रीत होळकरांच्या इंदुरात बसली. १९२४ साली तिथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड आणि मुख्य काम होतं कापसाचं. पण कापूस वेचून झाला की उरायची टणक पऱ्हाटी. ती लवकर कुजत नाही, म्हणून जाळून टाकायची. शेणाच्याही गोवऱ्या व्हायच्या. जमिनीकडे परत जायला फारसं काही उरतच नसे.

इंग्लंडात रोथॅमस्टेडला रसायन घालून काडीकचरा कुजवण्याची पद्धत निघाली होती. पण इथल्या शेतकऱ्याने ते रसायन आणायचं कुठून? हॉवर्डना वाट दिसली ती चीनच्या शेतकऱ्यांच्या खत कुजवण्याच्या जुन्या रिवाजात. किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तो नोंदवून ठेवला होता.

मला सगळ्यात आवडते ती इंदूरची पुढची युक्ती. पऱ्हाटी आणि तुराट्या शेतरस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर त्या चेचून काढत. मग हा चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, म्हणजे तो गोमूत्र पिऊन मऊ होई. नंतर ३० फूट लांब, १४ फूट रुंद उथळ खड्ड्यात त्याचे थर लागत. सोबत शेण, गोठ्यातली मुतरी माती आणि चुलीतली राख. पाणी बेताचं, आणि ठरल्या वेळी तीनदा ढीग उलथायचा. पहिल्या आठवड्यांत ढीग तापतो, पांढरी बुरशी धरते आणि तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती येतं. मोजकं शेण कितीतरी मोठ्या काडीकचऱ्याला पुरतं, ही खरी कमाई. आपल्याकडचा उकिरडा मात्र उन्हात वाळायचा आणि पावसात वाहून जायचा.

१९३१ साली या प्रयोगांचं पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. पुढे सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्डना डोक्यावर घेतलं. वाडांचं नाव मात्र मराठीतसुद्धा क्वचितच कानी पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

१९३५ साली गांधीजी ही संस्था पाहून गेले. पुढे बंगळूरला आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी शहरी कचरा आणि मैला यांसाठी वेगळी पद्धत बसवली. तिच्यात ढीग उलथायची गरज नव्हती. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांचं टाकं बांधलं आणि भिंतींत जागोजागी भोकं ठेवली, म्हणजे हवा आपोआप खेळते. तेच ‘नाडेप’.

या कुळातल्या इंदुरी आणि नाडेप या दोन्ही पद्धतींचा जीव हवेत आहे. हवा मिळाली की जिवाणू कचऱ्याचं खत करतात. कोंडली की तोच कचरा मिथेन सोडतो. हा वायू तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढे आहे. कचरा डेपोंना लागणाऱ्या आगींनाही तो खतपाणी घालतो. त्यात भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकली, तर ढीग कितीही उलथा, आत वारा जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं, त्यामागे हेही कारण आहे.