गूगल बंद पाडता येईल का?

परवा टोकावड्याच्या नाक्यावर कॉलेजच्या एका पोराने विचारलं, "सगळ्यांनी एकाच वेळी सर्च केलं तर गूगल बंद पडेल का हो?" बाकीचे हसले. पण हे पूर्वी घडलंय मंडळी.

पावसाळ्यात रविवारी माळशेजला निघालेल्या गाड्यांनी आपला रस्ता भरतो आणि एसटी अडकते. रस्ता तुटलेला नसतो, नुसता भरलेला असतो. डीडॉस हल्ला म्हणतात तो हाच, फक्त गाड्या खोट्या आणि मुद्दाम सोडलेल्या.

७ फेब्रुवारी २००० ला याहू अशीच काही काळ बंद पडली. तेव्हा शोधायचं म्हणजे याहूवरच! करणारा कोण, तर कॅनडातला १५ वर्षांचा मुलगा, टोपणनाव माफियाबॉय. मग २६ जुलै २००४ ला मायडूम व्हायरसची नवी आवृत्ती आली. ती लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून ईमेल पत्ते मिळवायला गूगल, याहू, लायकॉस, अल्टाव्हिस्टा यांच्यावर सर्च मारत सुटली. गूगल कित्येकांना काही तास मिळेना. नेमका त्याच दिवशी गूगलने पहिल्या शेअरविक्रीचा भाव जाहीर केला होता, १०८ ते १३५ डॉलर!

खरी गर्दी आणि खोटी गर्दी ओळखायची कशी, हे सगळ्यात अवघड. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला तेव्हा इतके लोक त्याचं नाव शोधू लागले, की गूगलला तो हल्लाच वाटला. गूगल न्यूजवर काहींना सुमारे २५ मिनिटं बातमीऐवजी माफीचं पान दिसत होतं.

आता? ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा झाला. दोन मिनिटांत आलेल्या विनंत्या विकिपीडियावर महिनाभरात वाचल्या जाणाऱ्या लेखांपेक्षा जास्त होत्या. तरी गूगल चालू राहिलं. जगभर पसरलेली डेटा सेंटर्स भार वाटून घेतात आणि खोटी गर्दी वेशीवरच अडवतात. त्यामुळे त्या पोराला माझं उत्तर, आता नाही पडणार.

पण एवढा खर्च छोट्यांना परवडत नाही, म्हणून मार त्यांना बसतो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर असाच हल्ला झाला, ग्राहकांचं नेट रखडलं, प्रकरण पोलिसांत गेलं. गूगल धडधाकट होतं हो, पण तिथवर जायची वाटच तुंबली तर काय करणार?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डिन कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. तो मारा होता घरोघरच्या कॅमेऱ्यांचा आणि राउटरचा! कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, म्हणून मिराई नावाच्या व्हायरसने ते ताब्यात घेतले.

टोकावडे, सरळगावच्या बाजारात आता दुकानादुकानात सीसीटीव्ही आहेत. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड अजून तोच असेल तर आजच बदलून घ्या. नाहीतर तुमचा कॅमेरा परक्याच्या हल्ल्यात राबत असेल आणि तुम्हाला वाटेल, नेट स्लो आहे.