संपादकाच्या खुर्चीतून कायदेमंडळात

लेखणी चालविणाऱ्याने कायदेमंडळात जावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली १८४८ च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसमध्ये जाऊन बसले, ते अवघ्या तीन महिन्यांसाठी. तेवढ्या अवधीत सभासद प्रवासभत्ता कसा फुगवून घेतात याचा तक्ताच त्यांनी आपल्या पत्रात छापला आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. सभागृहात जाऊनही ग्रीली संपादकच राहिले.

महाराष्ट्रात हा प्रश्न नरसिंह चिंतामण केळकर यांच्यापुढे उभा राहिला आणि त्यांनी त्याचे उत्तर निराळे दिले. १८७२ साली मोडनिंब येथे जन्मलेले केळकर साताऱ्यास वकिली करीत होते. १८९६ मध्ये लोकमान्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि 'मराठा' व 'केसरी' या पत्रांशी त्यांचे आयुष्य कायमचे जोडले गेले. लोकमान्यांच्या पश्चात असहकारितेने कौन्सिलांवर घातलेला बहिष्कार त्यांना पटला नव्हता. १९२३ साली स्वराज्य पक्ष निघाला आणि त्याच वर्षी केळकर मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले.

पक्षाचे धोरण सरकारला आतून अडविण्याचे होते. परंतु १९२५ मध्ये मध्यप्रांतातील स्वराज्यपक्षीय श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी त्यांचा कडक निषेध केला. केळकरांना त्या वेळी मौन धरणे सोपे होते. पण जयकर व मुंजे यांच्यासह ते तांब्यांच्या पाठीशी उभे राहिले, पक्षातून बाहेर पडले आणि १९२६ मध्ये प्रतियोगी सहकार पक्षाच्या उभारणीत सामील झाले. जेथे हित साधेल तेथे सहकार, जेथे अन्याय दिसेल तेथे विरोध, असे त्या पक्षाचे सूत्र होते. ज्या 'केसरी'ने मवाळांवर वर्षानुवर्षे आसूड ओढले, त्याच्याच संपादकावर आता मवाळपणाचा आरोप येऊ लागला. तरीही १९२६ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना पुन्हा कायदेमंडळात पाठविले.

याच धामधुमीत त्यांनी लोकमान्यांचे त्रिखंडात्मक चरित्र १९२८ साली पुरे केले, हे विसरून चालणार नाही. गुरूचा वारसा विरोधात आहे की विवेकात, याचा निवाडा त्यांना एकाच वेळी कागदावर आणि सभागृहात करावा लागत होता.

टीकाकाराचे हात स्वच्छ राहतात, कारण त्याला मत द्यावे लागत नाही. ते सुख केळकरांनी समजून उमजून सोडले. त्यांचा निर्णय चुकला असे कोणी म्हणेल. पण त्याचे मोल त्यांनी स्वतःच्या लोकप्रियतेतून चुकविले, हे त्यालाही मान्य करावे लागेल.