साण्यातला उजेड

१९३७च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरलं. भरवलं होतं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं. सजवलेल्या नमुना खोल्या पाहायला लाखभर माणसं लोटली. उद्याचं घर म्हणे असं असणार!

इकडे सोलापूर जिल्ह्यातल्या वैराग-बार्शी पट्ट्यात घर खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर, मोजलं जाई. छताला तुळया, त्यांवर लाकडी किलचा, वर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवी. छतातल्या झरोक्यातून, म्हणजे साण्यातून, उजेड आत येई, चुलीचा धूर बाहेर जाई. इंटिरिअर डिझाइनच्या वर्गात कल्पनेतलं घर रेखाटताना छतातून उजेड घ्यायची युक्ती आज नवी वाटते, इतकंच.

माळवदाचं वजन मात्र भारी. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छतांची दगडमातीची घरं कोसळली.