उभी बाटली, आडवी बाटली

दारूची जाहिरात करायला आपल्या राज्यात बंदी आहे. ही बंदी आजकालची नाही, 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातच आहे. कलम 24. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. राज्य पुनर्रचनेनंतर हा कायदा आपल्याकडेही लागू झाला.

1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा एक तुकडा बाद केला. दारूची नुसती तारीफ करायला बंदी घालणं भाषणस्वातंत्र्यात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण "या, घ्या, प्या" सांगणारी जाहिरात बंदच राहिली.

मग कंपन्यांनी काय केलं? बाटलीचं नाव सोड्याला दिलं, पाण्याला दिलं, गाण्यांच्या सीडीला दिलं. 2000 साली केबल टीव्हीवर दारूच्या जाहिराती बंद झाल्या, तरी नाव तेच, रंग तेच. अशा छुप्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट बंदी घातली ती थेट जून 2022 मध्ये. म्हणजे कायदा झाल्यावर 73 वर्षांनी!

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे या. 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. तिथे लोकांनी आंदोलन केलं, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात होते, आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायांनी डिसेंबर 2010 मध्ये श्रमिक एल्गारसोबत चिमूरहून नागपूर अधिवेशनापर्यंत पायी मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 ला बंदी लागू झाली आणि दुकानांवरच्या पाट्यांना अर्थ उरला नाही. मे 2021 मध्ये सरकारने ती उठवली. कारण दिलं, अवैध दारू वाढली. अवैध दारू होती, हे खोटं नाही. पण पाट्या परत लागल्या, आणि वैनगंगेच्या पुलाच्या एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला दुकान, अशी गत झाली.

मधल्या काळात, डिसेंबर 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूचं दुकान नको म्हटलं. दारू मिळते असं सांगणारे फलकही महामार्गावरून काढायला लावले. विचार सरळ होता : गाडी चालवणाऱ्याला पाटी दिसली की तो थांबतो. पण पुढच्याच वर्षी छोट्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आलं, आणि शहरांच्या हद्दीत अंतराची अट लागू नाही असं ठरलं.

या सगळ्या इतिहासात बाटलीचं एक चित्र मात्र सरकारने स्वतः छापलं. मतपत्रिकेवर. गावातलं किंवा वॉर्डातलं दुकान बंद करायचं तर महिलांचं मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आणि अट बघा : एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. कामाला बाहेरगावी गेलेली, आजारी पडलेली, घरच्यांनी जाऊ न दिलेली, या सगळ्यांची न पडलेली मतं उभ्या बाटलीच्याच कामी येतात.

म्हणजे हिशोब असा. उभ्या बाटलीच्या मागे सोडा आहे, सीडी आहे, रात्रभर चमकणारी पाटी आहे. आडव्या बाटलीचा प्रचार करायला चार बाया आहेत, मजुरी बुडवून घरोघरी फिरणाऱ्या.

बंदी असावी की नसावी, यावर भांडू या, जरूर भांडू या. पण जाहिरातबंदीच्या कायद्यावर तर काही वाद नाही ना? तो पुस्तकात आहेच. मग पुढच्या वेळी चौकातल्या फलकावर "सोडा" दिसला, तर थोडं थांबून बघा. त्या नावाचा सोडा तुमच्या किराणा दुकानात मिळतो का?